लिनक्सवर वाय-फाय अडॅप्टर: वाचनालयाच्या लॅपटॉपसाठी घेतलेल्या दोन उपकरणांचा अनुभव

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका लहान सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपालाचे काम पाहते. वाचनालयाकडे सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, चार जीबी रॅम असलेला एक लॅपटॉप आहे. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी आणि संध्याकाळी माडीवरच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींचे स्पर्धा परीक्षांचे ऑनलाइन अर्ज ही सगळी कामे त्यावरच होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्यामुळे हा लॅपटॉप त्या वाटेने पुढे जाणार नव्हता. नवा घेण्याइतकी शिल्लक वाचनालयाच्या खात्यात नव्हती, म्हणून आम्ही त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली घातली: २२.२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मराठी टंकलेखन, लिब्रे ऑफिस आणि छपाई हे सगळे पहिल्याच दिवशी सुरळीत झाले. अडले ते फक्त वाय-फायपाशी.

लॅपटॉपच्या आतले मूळ वाय-फाय कार्ड बरेच दिवस कुरकुरत होते, आणि आता तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा दिल्यावर येणाऱ्या आतल्या उपकरणांच्या यादीत त्याची ओळच दिसत नव्हती. जे उपकरण यादीतच येत नाही त्याच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, शोधण्यात अर्थ नसतो. कार्ड निकामी झाले आहे की केवळ ड्रायव्हर नाही, एवढा फरक आधी पाहून घेतला तर पुढचे कितीतरी तास वाचतात. या लॅपटॉपला लॅनची केबल जोडण्याची जागाही नाही. त्यामुळे यूएसबीमध्ये लावायचे छोटे अडॅप्टर घेणे भाग पडले. गेल्या तीन महिन्यांत अशी दोन अडॅप्टर आमच्याकडे आली, त्या दोन्हींबद्दल हे लिहीत आहे.

पहिले अडॅप्टर एका ऑनलाइन बाजारातून मागवले. किंमत सातशे रुपयांच्या आसपास होती. खोक्यावर ‘वाय-फाय ६’ आणि ‘ड्रायव्हर-फ्री’ असे ठळक अक्षरांत छापले होते, आणि मागच्या बाजूच्या बारीक मजकुरात चालणाऱ्या प्रणालींच्या यादीत लिनक्सचेही नाव होते. चिप कोणती आहे, याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. मी त्या वेळी तो शोधलाही नाही.

लॅपटॉपला लावल्यावर वाय-फायची जाळी दिसण्याऐवजी डेस्कटॉपवर सीडीचे एक चित्र उमटले. ‘ड्रायव्हर-फ्री’ या शब्दाचा खरा अर्थ मला त्या क्षणी कळला. अशा अडॅप्टरच्या आत थोडीशी साठवणीची जागा असते आणि तीत विंडोजचा ड्रायव्हर भरून ठेवलेला असतो. अडॅप्टर लावताच ते आधी स्वतःला सीडी म्हणून पुढे करते. विंडोजवर त्या ‘सीडी’तून ड्रायव्हर बसला की ते आपले रूप बदलून वाय-फाय अडॅप्टर होते. म्हणजे ड्रायव्हर लागत नाही असे नव्हे, तर विंडोजसाठीचा ड्रायव्हर सोबत आलेला असतो, एवढेच. लिनक्सला त्या सीडीतील काहीच उपयोगाचे नसते, आणि कोणी सांगितल्याशिवाय ते अडॅप्टर सीडीच्या रूपातून बाहेरही येत नाही. यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा दिली तेव्हा तीत खरोखरच साठवणीचे उपकरण म्हणून त्याची नोंद दिसली. डेस्कटॉपवरच्या त्या चित्रावर उजवी टिचकी मारून ‘इजेक्ट’ केले, पुन्हा यादी पाहिली, तर त्याच अडॅप्टरचा ओळख क्रमांक बदललेला होता. हे रूपांतर दर वेळी आपोआप व्हावे यासाठी यूएसबी-मोडस्विच नावाचे पॅकेज असते. ज्या उपकरणांची माहिती त्यात आधीच भरलेली आहे त्यांना काही करावे लागत नाही, परंतु आमच्या अडॅप्टरसाठी नियम हाताने लिहावा लागला.

रूप बदलले तरी वाय-फाय आले नाही, कारण या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, नव्हता. तो सोर्सच्या (मूळ कोडच्या) रूपात वेगळा उतरवून घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर बांधायचा, म्हणजे त्या कोडपासून चालणारा ड्रायव्हर तयार करायचा. त्यासाठी कंपायलर हवा, चालू कर्नेलच्या हेडर फाइल हव्यात आणि डीकेएमएस हे पॅकेज हवे. ही सगळी इंटरनेटवरून येणार, आणि आपल्याला तर इंटरनेटच सुरू करायचे आहे. या पेचातून सुटण्याचा मार्ग आपल्या खिशातच असतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. त्यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये पूर्वीपासून आहेत, म्हणून काही क्षणांत लॅपटॉपला तारेची जोडणी मिळाल्यासारखे इंटरनेट मिळते. फोन वाय-फायला जोडलेला असेल तर तेच वाय-फाय केबलमधून लॅपटॉपला मिळते आणि मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. नव्याने लिनक्सकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण वाय-फाय नाही म्हणून लिनक्स काढून टाकल्याची उदाहरणे मी आमच्या अभ्यासिकेतच पाहिली आहेत. एकच काळजी घ्यावी: केबल फक्त चार्जिंगची नसावी.

ड्रायव्हर बांधला गेला, पण चालू होईना. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय सुरू होती, आणि ती सुरू असताना डिजिटल सही नसलेले मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) कर्नेल आत घेत नाही. डीकेएमएसने बसवणी करताना मला एक तात्पुरता पासवर्ड विचारला होता आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदाही आला होता. तो बिघाडाचा संदेश असावा असे समजून मी ‘कंटिन्यू बूट’ निवडले आणि पुढे गेले. प्रत्यक्षात त्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, म्हणजे आपल्या यंत्रावर तयार झालेली सहीची किल्ली नोंदवली जाते. ती नोंदवली नाही तर मॉड्यूल चढवताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्या वाक्यावरून मूळ कारण कोणाही नवख्याच्या ध्यानात येणे कठीण आहे. किल्ली पुन्हा नोंदवण्याची आज्ञा दिली, यंत्र परत सुरू केले, या वेळी निळ्या पडद्यावर योग्य ते निवडले, आणि अखेर वाय-फायची नावे दिसू लागली. या सगळ्यात शनिवारची दुपार आणि रविवारचा पूर्ण दिवस गेला.

चालू झाल्यावर ते अडॅप्टर वाईट नव्हते, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. राउटर असलेल्या तळमजल्याच्या खोलीत वेग चांगला मिळत होता. आमची इमारत मात्र जुनी आहे आणि तिच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. माडीवर गेल्यावर पाच गिगाहर्ट्झची जाळी जवळजवळ नाहीशी होई आणि अडॅप्टर शेवटी २.४ गिगाहर्ट्झवरच येऊन थांबे. ज्या वेगासाठी जास्त पैसे दिले, तो वेग आम्हाला जेथे बसायचे होते तेथे पोहोचतच नव्हता.

तरीही मी ते ठेवले असते. पण पाच आठवड्यांनी मिंटने कर्नेलचे नवे अद्यतन दिले, मी ते नेहमीप्रमाणे स्वीकारले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप सुरू केला तेव्हा वाय-फाय गेलेले होते. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधतो, ही त्याची सोय खरी. पण कर्नेलच्या आतील कार्यांची रचना एका आवृत्तीतून दुसरीत बदलत असते, आणि कर्नेलच्या बाहेर राहिलेला ड्रायव्हर त्या बदलाबरोबर कोणी सुधारला नाही तर तो बांधलाच जात नाही. आमचेही तेच झाले होते. त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि रात्रीचे साडेआठ वाजले होते. तिचा अर्ज फोनच्या टेदरिंगवर भरला. नंतर यंत्र सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या निवडयादीतील प्रगत पर्यायांतून मागचा कर्नेल निवडला आणि वाय-फाय परत आले. मात्र दर अद्यतनाला ही धास्ती बाळगायची आणि सुरक्षेची अद्यतने ड्रायव्हरच्या भीतीने लांबवायची, हे सार्वजनिक वापराच्या यंत्रावर मला पटले नाही. दुसरे अडॅप्टर शोधण्याचे कारण हेच.

दुसऱ्यासाठी मी राजारामपुरीत गेले. तेथील संगणकाच्या दुकानांपैकी एक लहानसे दुकान एका शिक्षक मैत्रिणीने सुचवले होते. या वेळी मी घरून तयारी करून गेले होते: लॅपटॉप सोबत, लिनक्स मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून लॅपटॉपवर काही न बसवता थेट लिनक्स चालवता येते) सोबत, आणि कागदावर चालणाऱ्या चिपांची नावे. मी दुकानदाराला सांगितले, “दादा, मला कंपनी कोणतीही चालेल, पण चिप यांतलीच हवी.” त्यांनी कागद नीट वाचला, आतून चार वेगवेगळी अडॅप्टर आणून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, खोक्यावरचं बघून काही कळत नाही. एकेक लावून बघा. चाललं तर घ्या, नाही तर राहू द्या.” त्यांनी चारही पाकिटे माझ्यासमोर उघडली, काउंटरजवळची विजेची जोडणी दिली, आणि गिऱ्हाइकांची ये-जा चालू असतानाही मला वीस मिनिटे शांतपणे तपासू दिले. ही सेवा मला आजवर कोणत्याही दुकानात मिळाली नव्हती, आणि ऑनलाइन बाजारात ती मिळणेही शक्य नाही.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून तपासण्याचा फायदा असा, की त्यावरची प्रणाली अगदी कोरी असते. तिच्यात आपण पूर्वी बसवलेला कोणताही ड्रायव्हर नसतो, म्हणून तेथे जे अडॅप्टर चालते ते ताज्या बसवणीवरही पहिल्या मिनिटापासून चालणार. चारपैकी एक लावताच सीडी होऊन बसले. ते मी लगेच बाजूला ठेवले. दोन अडॅप्टर चालली, पण एकाची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. चाललेल्यांपैकी दुसरे साडेतीनशे रुपयांचे, अंगठ्याच्या नखाएवढ्या बाहेर येणाऱ्या टोकाचे होते, आणि एलएसयूएसबीच्या यादीत त्याचा ओळख क्रमांक १४८एफ:७६०१ असा दिसला. हाच क्रमांक मी कागदावर सर्वांत वर लिहिला होता.

हा क्रमांक मीडियाटेकच्या एमटी७६०१यू या चिपचा आहे. यादीत नाव मात्र रॅलिंक असे येते, कारण क्रमांकाचा पहिला भाग त्या कंपनीचा आहे आणि मीडियाटेकने रॅलिंकला २०११ मध्ये आपल्यात सामावून घेतले. या चिपचा ड्रायव्हर याकुब किचिन्स्की यांनी लिहिला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ४.२ या कर्नेलपासून तो कर्नेलच्याच आत आहे. आत असणे म्हणजे काय, हे पहिल्या अडॅप्टरने मला चांगलेच शिकवले होते. कर्नेलच्या आतील रचना जो बदलतो त्यालाच त्या बदलामुळे बिघडणारे आतले ड्रायव्हरही दुरुस्त करावे लागतात. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा हा ड्रायव्हर आजच्या कर्नेलबरोबर आपोआप येतो, त्यावर लिनक्सच्या वितरणाचीच (म्हणजे कर्नेल तयार करून देणाऱ्यांचीच) सही असल्याने सिक्युअर बूट अडवत नाही, आणि अद्यतनानंतर काही बांधावे लागत नाही.

ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरचीही एक बाब असते, आणि या दोहोंची गल्लत फार होते. ड्रायव्हर संगणकाच्या कर्नेलमध्ये चालतो. फर्मवेअर ही एक छोटी फाइल असते, ती प्रत्येक वेळी अडॅप्टर लावल्यावर चिपमध्ये चढवली जाते आणि तेथे चालते. ड्रायव्हर असूनही फर्मवेअर नसेल तर कार्ड मुके राहते, आणि डीमेसेज (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदींत फर्मवेअर सापडले नसल्याचा उल्लेख येतो. मिंट आणि उबंटू या लिनक्सच्या वितरणांमध्ये या चिपचे फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजातून आधीच आलेले असते. डेबियन या आणखी एका वितरणात पूर्वी ते वेगळे मिळवावे लागे, पण जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत बसवणीच्या फाइलमध्येच समाविष्ट झाले आहे. ज्यांनी जुन्या डेबियनवर हात पोळून घेतले असतील त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा.

आता या साडेतीनशे रुपयांत काय मिळत नाही, तेही सांगते. हे अडॅप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि त्याला एकच अँटेना आहे. खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलेले असले तरी तो जोडणीचा कमाल आकडा आहे. माडीवर आमच्या खिडकीशेजारच्या टेबलावर मला प्रत्यक्षात २५ ते ३० एमबीपीएस मिळतात. अर्ज भरणे, फोटो आणि सही चढवणे, प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवणे, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे, एवढ्यासाठी ते पुरते. मोठ्या फाइलींची रोज ने-आण करणाऱ्याला ते पुरणार नाही. कर्नेलमधील या ड्रायव्हरला हॉटस्पॉट करण्याची सोयही नाही. लॅपटॉपवरून इतरांना वाय-फाय द्यायचे असेल तर ही चिप घेऊ नये.

वेगाबाबत एक बारीक गोष्ट हाताला लागली. सुरुवातीला कधी कधी वेग अचानक पाच-सहा एमबीपीएसवर येई. पाहता पाहता ध्यानात आले, की शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० च्या जागेत बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असली की असे होते. यूएसबी ३.० च्या वहनातून उठणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी लेख प्रसिद्ध केला होता. दुकानदारांना फोन करून विचारले तेव्हा त्यांनी अर्ध्या मीटरची यूएसबीची जोडकेबल घ्यायला सांगितली. तिच्या टोकाला अडॅप्टर लावून ते हार्ड डिस्कपासून दूर, खिडकीच्या कठड्यावर ठेवले, आणि तेव्हापासून ती घसरण थांबली. केबलमुळे अडॅप्टर राउटरच्या दिशेला वळवता येते, हा आणखी एक लाभ.

ज्यांना पाच गिगाहर्ट्झ हवेच आहे, त्यांच्यासाठी माझ्या कागदावरची पुढची नावे देते. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू या चिपचा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ या कर्नेलपासून आत आहे. वाय-फाय ६ हवे असेल तर एमटी७९२१एयू पाहावी. तिच्यासाठी कर्नेल ५.१८ किंवा पुढचा लागतो. रियलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या यूएसबी चिपांना २०२३ च्या ६.२ या कर्नेलपासून आतूनच आधार मिळतो, त्यामुळे मिंट २२ वर त्यांच्यासाठी बाहेरून काही उतरवण्याची गरज नाही. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना पाहून तो जुना बाहेरचा ड्रायव्हर बसवू नये, दोन्ही एकमेकांना अडवतात. आणि ज्यांना फर्मवेअरचाही सोर्स खुला हवा आहे त्यांच्यासाठी ॲथेरॉसची एआर९२७१ ही जुनी चिप अजून उत्तम आहे, तीही फक्त २.४ गिगाहर्ट्झची.

अडचण अशी, की दुकानात कोणीही या चिपांच्या नावाने अडॅप्टर विकत नाही. शिवाय एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगळीच, असेही होते. खोके तेच राहते, फक्त तळाशी बारीक अक्षरांत आवृत्तीचा अंक बदलतो. म्हणून वर्षभरापूर्वी कोणाला चांगला अनुभव आला, एवढ्यावर विसंबून तेच मॉडेल मागवणे धोक्याचे आहे. लॅपटॉप आणि लाइव्ह पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जावे, आणि तपासू देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे.

आतले कार्ड बदलण्याचाही विचार आम्ही केला होता. दुकानदारांनी मागचे झाकण उघडून पाहिले आणि जुन्या लॅपटॉपांपैकी काहींचे बायोस (यंत्र सुरू होताना आधी चालणारा आतला प्रोग्रॅम) ठरावीक कार्डेच स्वीकारते, तेव्हा उगाच खर्च करू नका, असा सल्ला दिला. जास्त किमतीचा माल विकण्याची संधी असताना त्यांनी तो दिला, याची मला कदर वाटते. झाकण उघडण्याचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

दुसरे अडॅप्टर आणून आता सात आठवडे झाले आहेत. या काळात कर्नेलची दोन अद्यतने झाली, दोन्ही वेळा लॅपटॉप परत सुरू झाला आणि कोणी पासवर्डही न विचारता वाय-फाय जोडले गेले. पाच तारे द्यायचे झाले तर पहिल्या अडॅप्टरला मी दोन देईन, दुसऱ्याला साडेचार. अर्धा मी हॉटस्पॉटच्या उणिवेसाठी राखून ठेवते. राजारामपुरीतील त्या दुकानाला पूर्ण पाच. पहिले अडॅप्टर आता तळमजल्यावर, हिशेबाच्या विंडोज असलेल्या संगणकाला लावले आहे आणि राउटरच्या शेजारी असल्यामुळे तेथे ते नीट चालते. अभ्यासिकेसाठी देणगीत मिळालेला आणखी एक जुना संगणक पुढच्या आठवड्यात येणार आहे. त्याच्यासाठी तेच साडेतीनशे रुपयांचे अडॅप्टर मी राजारामपुरीत सांगून ठेवले आहे, आणि तेही घेण्यापूर्वी काउंटरवर लावून त्याचा क्रमांक १४८एफ:७६०१ आहे ना, हे पाहणार आहे.